पहिल्या रांगेचा मान

सकाळच्या वेळी बदलापूर स्थानकावर ज्याने मुंबईकडची लोकल पकडली आहे, त्याला शर्यत म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत पाऊल ठेवणारे वीर येथे आहेत, रुमाल टाकून जागा धरणारे आहेत आणि 'दादा, जरा सरका' म्हणत चौथ्या सीटवर अर्धा देह टेकवणारेही आहेत. पण खरा वाद यांच्यापैकी कोणाशीच नसतो. तो असतो अंबरनाथ-उल्हासनगरहून उलटी गाडी पकडून बदलापूरला येणाऱ्यांशी. ही मंडळी येथे उतरत नाहीत. त्याच गाडीत खिडकी धरून बसून राहतात आणि गाडी मुंबईकडे निघाली की आरामात पेपर उघडतात. बदलापूरकर म्हणतात, 'गाडी आमच्या गावाहून सुटते, पहिला हक्क आमचा.' अंबरनाथकर म्हणतात, 'आम्ही अर्धा तास आधी घर सोडले, त्याची किंमत नाही?' दोघांचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, म्हणून तर वर्षानुवर्षे हा वाद मिटत नाही.

सुटण्याच्या वेळी पुढे कोणी उभे राहायचे, हा प्रश्न जगातल्या सगळ्यात महागड्या शर्यतीलाही सुटलेला नाही, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले. शनिवारी दुपारी तो दूरदर्शन संचासमोर फॉर्म्युला वन लावून बसला होता. मी विचारले, 'शर्यत तर रविवारी असते ना रे?' तो म्हणाला, 'मामा, आज क्वालिफाइंग आहे. उद्या कोण कुठून सुटणार ते आज ठरतं.' मग त्याने हे ठरवण्याची पद्धत आजवर किती वेळा बदलली, ते सांगायला सुरुवात केली. ऐकता ऐकता मला आपल्याकडच्या बैलगाड्यांच्या शर्यती आठवू लागल्या. आजचा लेख त्यातूनच सुचला.

ज्यांच्या घरी हा खेळ पाहिला जात नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फॉर्म्युला वनच्या गाड्या एका ओळीत उभ्या राहून सुटत नाहीत, एकामागे एक अशा उतरंडीने सुटतात. आदल्या दिवशी ज्याने एक फेरी सर्वांत कमी वेळात मारली तो सर्वांत पुढे. त्या जागेला 'पोल' म्हणतात. मोनॅकोसारख्या अरुंद रस्त्यांच्या शहरात पुढच्या गाडीला मागे टाकणे फार कठीण, त्यामुळे तेथे अर्धी शर्यत शनिवारीच संपते म्हणतात. अशा वेळी शनिवारचा नियम कसा असावा, हा प्रश्न रविवारच्या निकालाइतकाच मोठा होतो.

एके काळी या खेळात गर्दीच इतकी होती, की चाचणीलाही आधी चाचणी द्यावी लागे. १९८९ साली ३९ गाड्यांची नोंद होती आणि शर्यतीत जागा होत्या २६. त्यामुळे दुबळ्या संघांना शुक्रवारी सकाळीच पूर्वचाचणी द्यावी लागे आणि त्यात जो गळाला तो इतर जागे व्हायच्या सुमारास घरी जाई. १९९५ पर्यंत शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस धरून जागा ठरत. १९९६ पासून शनिवारचा एकच तास राहिला आणि प्रत्येकाला १२ फेऱ्या. हा नियम कागदावर उत्तम होता. पण रस्त्यावर जसजशा गाड्या धावतात तसतशी टायरची पकड वाढते, हे सगळ्यांना ठाऊक होते. परिणामी पहिला अर्धा तास कोणी बाहेरच पडेना. 'तू आधी जाऊन रस्ता झाडून ये, मग मी येतो,' असा तो कारभार. तिकीट काढून आलेले प्रेक्षक रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसत.

याच पद्धतीने १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझ येथे एक अजब निकाल दिला. जाक व्हिलनव्ह, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंट्झन या तिघांची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत एकसारखी आली: १ मिनिट २१.०७२ सेकंद. आता पुढे कोण? नियम तयार होता. ती वेळ ज्याने आधी नोंदवली तो पुढे. व्हिलनव्ह पहिला, शूमाकर दुसरा, फ्रेंट्झन तिसरा. त्या वर्षीचे विजेतेपद या शर्यतीवर अवलंबून होते, तरी या क्रमाबद्दल भांडण करायला जागा उरली नाही, कारण वेळ येण्याआधीच नियम लिहिलेला होता. ही गोष्ट मी मनात धरून ठेवली आहे. पुढे तिचा उपयोग आहे.

मग २००३ साली एकेका गाडीने एकट्याने एकच फेरी मारायची, अशी रीत आली. दूरदर्शनला सोयीची, प्रत्येकाकडे पाहायला निवांत वेळ. पण फेरी एकच आणि आकाश सर्वांना सारखे नाही. एकाला ऊन मिळे, दुसऱ्याला सर. २००४ साली सिल्व्हरस्टोनला तर गंमतच झाली. पहिल्या फेरीत जो वेगवान, तो दुसऱ्या, निर्णायक फेरीसाठी शेवटी सुटायचा. पाऊस येणार असा रंग दिसताच कित्येक नाणावलेल्या चालकांनी पहिल्या फेरीत मुद्दाम रेंगाळायला सुरुवात केली! लवकर धावायला मिळावे म्हणून हळू जाण्याची स्पर्धा. नियम वाकडा असला की शहाणी माणसेही कशी वाकडी चालतात, याचा याहून चांगला नमुना मिळायचा नाही. २००५ साली शनिवार आणि रविवार सकाळ अशा दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करण्याचा प्रयोग झाला. पहिल्या सहा शर्यतींनंतर तो गुंडाळला.

२००६ पासून आली ती तीन टप्प्यांची गाळणी. पहिल्या टप्प्यात सर्वांत मंद ते गळतात, दुसऱ्यात आणखी काही, शेवटी दहा उरतात आणि ते पोलसाठी झुंजतात. प्रत्येकाला प्रत्येक टप्प्यात एकाहून अधिक वेळा प्रयत्न करता येतो. एक फेरी बिघडली म्हणून सगळे बुडत नाही आणि बाहेर पडल्यावाचून चालतही नाही. खेळाडूला न्याय आणि पाहणाऱ्याला करमणूक, दोन्ही एका गाठीत बांधणारी ही पद्धत. पण चांगल्या नियमानेही माणसाची नियत बदलत नाही. त्याच वर्षी मोनॅकोला शेवटच्या क्षणी शूमाकरची गाडी वळणावर थांबली आणि मागून येणाऱ्यांच्या फेऱ्या वाया गेल्या. पंचांनी ते मुद्दाम केले असे ठरवून त्याच्या वेळा रद्द केल्या आणि त्याला सर्वांत मागे पाठवले. नियमाला पंचाचा कणा लागतो तो असा.

चांगले चाललेले मोडायची खोड मात्र माणसाला सर्वत्र आहे. २०१६ च्या मोसमात प्रत्येक टप्प्यात ठरावीक वेळानंतर दर दीड मिनिटाला एक गाडी बाद करण्याचा नियम आला. उत्कंठा वाढावी हा हेतू. प्रत्यक्षात मेलबर्नला चाचणीच्या अखेरच्या मिनिटांत रस्त्यावर एकही गाडी नव्हती. आपली वेळ सुधारत नाही असे दिसताच एकेक जण गाडी लावून मोकळा झाला आणि रिकाम्या रस्त्यावर निशाण फडकले. बहारीनला तोच प्रयोग पुन्हा झाला आणि तिसऱ्या शर्यतीपासून जुनी पद्धत परत आली. पाच वर्षांनी, २०२१ साली, तीन ठिकाणी शनिवारी छोटी शर्यत घेऊन तिच्या विजेत्याला 'पोल'चा मान देण्यात आला. म्हणजे सर्वांत वेगवान फेरी एकाची आणि नोंद दुसऱ्याची. पुढच्या वर्षी तोही मान सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याकडे परत गेला.

आपला एक माणूसही या गाळणीत सापडला होता. पोल मिळवणाऱ्याच्या वेळेच्या १०७ टक्क्यांत जो बसला नाही त्याला शर्यतीत घ्यायचे नाही, असा नियम १९९६ साली आला, २००२ नंतर गेला आणि २०११ साली परत आला. परत आल्यावर पहिल्याच मेलबर्नच्या शर्यतीत ज्या संघाच्या दोन्ही गाड्या बाहेर राहिल्या, त्यांतली एक आपल्या नारायण कार्तिकेयनची होती. हळहळ वाटली हे खरे. पण मर्यादा आधी सांगितलेली होती, सर्वांना एकच होती आणि घड्याळाने मोजलेली होती. दुःख झाले तरी अन्याय झाला असे म्हणता येत नाही. हरलेल्या माणसालाही मान्य करावा लागतो तो नियम खरा.

या साऱ्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. नियम शर्यतीआधी जाहीर झालेला असावा. जे मोजायचे तेच त्याने मोजावे; पाहणाऱ्याच्या करमणुकीसाठी वेगवानाला मागे आणि मंदाला पुढे उभे करू नये. आणि नियम चुकला असे दिसले, तर तो मागे घेण्याची लाज वाटू नये. २०१६ च्या फजितीपेक्षा ती दोन शर्यतींत मागे घेतली गेली, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

महाराष्ट्रातल्या आईबापांना यात ओळखीचे काही दिसेल. अकरावीच्या प्रवेशासाठी २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र आले, २००९ साली नव्वद-दहाचा कोटा आला आणि दोन्ही उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० साली 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आले, ते उच्च न्यायालयाने नाकारले आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. या तीन वर्षांत ज्यांची मुले दहावीला होती, त्या घरांना कोणते सूत्र चांगले यापेक्षा, परीक्षा देऊन झाल्यावर सूत्र बदलते आहे याचाच ताप अधिक झाला. मूल धावत असताना रेघ सरकवू नये, एवढी साधी अपेक्षा होती.

आता आपल्या गावच्या मातीवर येऊ. बैलगाडा शर्यत म्हटले की बाहेरच्या माणसाला सारे एकच वाटते, पण महाराष्ट्रात तिच्या तऱ्हा निराळ्या आहेत. जुन्नर-खेड-आंबेगावकडे घाटात एकेक गाडा एकटा पळतो, पुढे घोडी असते आणि बारी किती सेकंदांत झाली ते ध्वनिवर्धकावरून सांगतात. विदर्भात शंकरपटात बैलजोडीची वेळ मोजतात. सातारा-सांगलीकडे चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. गटातला पहिला सेमीत, सेमीतला पहिला फायनलला. म्हणजे घाटात 'एक गाडी, एक फेरी', तर साताऱ्याकडे गाळणी. फॉर्म्युला वनवाल्यांनी ज्या पद्धतींसाठी इतका खल केला, त्या आपल्या यात्रांतून आधीच रुजलेल्या आहेत.

आमच्या ठाणे-रायगड पट्ट्यात, म्हणजे पनवेल, कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच्या आसपासच्या गावांत, चलती आहे ती बिनजोडची. दोन छकडे, समोरासमोरचे आव्हान, एकच धाव. ज्याच्या बैलाला जोड नाही तो बिनजोड, आणि त्याचा मालक जोड शोधत मैदानात उभा! कोणी कोणाशी पळायचे हे घड्याळ ठरवत नाही, चिठ्ठीही ठरवत नाही. आव्हान देणारा आणि ते स्वीकारणारा ठरवतो. यात नाट्य आहे, हे मी नाकारत नाही. दोन गावे श्वास रोखून उभी असतात आणि जिंकणाऱ्यावर गुलाल उधळला जातो, तेव्हा माझ्यासारख्या नोकरदाराच्या अंगावरही काटा येतो. पण जिथे जोड आव्हानाने ठरते तिथे बैलाच्या आधी मालकाची प्रतिष्ठा पळते. 'तो माझ्याशी का खेळला नाही', 'मोठे नाव पाहून का कच खाल्ली', 'मला न विचारता जोड का लावली', अशी भांडणे धाव सुरू होण्याआधीची. आणि धाव संपल्यावरची वेगळी. माझ्या ओळखीचे दोन चुलतभाऊ अशाच एका धावेनंतर दोन वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. दोघांकडेही मोबाईलवरचे चित्रीकरण आहे आणि दोघांच्याही मते त्यात आपलाच बैल पुढे दिसतो. एका घरच्या लग्नाला दुसरे घर गेले नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात तर बैलगाडा शर्यतीच्या वादातून अंबरनाथमध्ये गोळीबार झाल्याची बातमी राज्यभर गाजली. आठ वर्षे न्यायालयात झगडून मिळवलेला हा खेळ आहे, हे विसरून चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तरी त्यानंतरही वाट अडलीच. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. एवढ्या खटपटीने उघडलेले दार आपल्याच धिंगाण्याने पुन्हा बंद झाले, तर दोष कोणाला द्यायचा?

म्हणून माझी सूचना अशी. बिनजोड मोडू नका, पण जोड घड्याळाला लावू द्या. सकाळी प्रत्येक छकड्याची एकच धाव वेळ मोजून घ्यावी. धावांचा क्रम साताऱ्यासारखा चिठ्ठीने ठरवावा, म्हणजे कोणाला सकाळचा गारवा मिळाला आणि कोणाला ऊन, याबद्दल तक्रार करायची ती नशिबाकडे. मग ज्यांच्या वेळा एकमेकींच्या सर्वांत जवळ त्यांची जोड लावावी आणि दुपार कलल्यावर बिनजोड पळवावी. वेळ एकसारखी आली तर काय, तेही आधीच लिहून ठेवावे, हेरेझसारखे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत २०२२ पासून हीच कल्पना वेगळ्या रूपात आहे. आधी गटात घड्याळ, मग त्यातले पहिले चार-चार घेऊन दोघादोघांच्या झुंजी. २०२३ साली हैदराबादला हुसेनसागराच्या काठी ही स्पर्धा झाली तेव्हा भाच्याबरोबर मीही पाहिली आणि त्याला म्हटले, 'अरे, ही तर आपली बिनजोड!'

ही सूचना मी बदलापूरजवळच्या एका गावात एका वयस्क बैलमालकांपुढे मांडली. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात फिरवत त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'मास्तर, बैल माझा. न् घड्याल कोनाचा?'

मी निरुत्तर झालो. चार शब्दांत त्यांनी सगळ्या नियमपुस्तकांचे मर्म सांगितले. घड्याळ ज्याच्या हातात, त्याच्यावर विश्वास नसेल तर सेकंदाचा हजारावा भाग मोजूनही उपयोग नाही. म्हणून घड्याळ आयोजकाचे नको, कोणत्याही मालकाच्या भावकीतले नको. आरंभरेषेवर आणि अंतिम रेषेवर यंत्र असावे, वेळ सर्वांदेखत फलकावर लागावी आणि पंच दुसऱ्या तालुक्यातले असावेत. खर्च येईल. पण जेथे मंडप, ध्वनिवर्धक आणि बक्षिसाच्या मोटारसायकलींना पैसा कमी पडत नाही, तेथे घड्याळालाच तो कमी पडेल असे मला वाटत नाही.

बाबांची दुसरी शंका अधिक हळवी होती. 'सकालची पन धाव, दुपारची पन धाव. बैलाचा काय?' येथे मात्र फॉर्म्युला वनची नक्कल करून चालणार नाही. तिथे टायर झिजले तर काही सेकंदांत चार नवे बसवतात. बैलाचे खूर बदलता येत नाहीत. म्हणूनच मी चाचणीची धाव एकच म्हणतो. मोटारीला एकच संधी देणे अन्यायाचे ठरले, पण बैलाला एकाहून अधिक चाचण्या देणे क्रौर्याचे ठरेल. बिनजोडही दिवसाला एकच, आणि दोहोंमध्ये विसावा, पाणी आणि पशुवैद्याचा हात. काठी, चाबूक आणि विजेचा झटका यांना कायद्यानेच मनाई आहे. ती मोडणाऱ्याची वेळ मोजूच नये, मोनॅकोतल्या पंचांसारखी ती पुसून टाकावी. आज एका मैदानात हरलेला मालक हट्टाने त्याच दिवशी दुसरी जोड शोधतो, त्यापेक्षा हे बैलाला सोपेच जाईल.

काही जण म्हणतील, वेळा जुळवून लावलेल्या जोडीत आव्हानाची मिशी कुठे राहिली? मला उलट वाटते. आज पुष्कळ बिनजोडींत एक बैल एवढा पुढे जातो की निम्म्या वाटेत निकाल कळतो. जवळच्या वेळांचे बैल पळाले तर शेवटच्या पावलापर्यंत डोळा हलणार नाही. आणि एखाद वर्ष करून पाहून जमले नाही, तर जुनी रीत आहेच. जगातल्या श्रीमंत खेळाने आपली चूक दोन शर्यतींत मागे घेतली, आपल्याला एका यात्रेत घेता येणार नाही काय?

बदलापूर हे नावच मुळी येथे घोडे बदलत म्हणून पडले, असे जुने लोक सांगतात. दमलेला घोडा सोडून ताजा घेण्यात त्या काळच्या स्वाराला कमीपणा वाटत नसणार. दमलेला नियम सोडताना आपल्यालाही तो वाटू नये.

त्या दिवशी निघताना बाबांनी मला थांबवले. पुढच्या हंगामात त्यांच्या गावची मंडळी शर्यतीची परवानगी मागणार आहेत. 'ते वेलेचा तुमी कागदावर लिवून द्या,' ते म्हणाले, 'आमी पंचात ठेवतू. मान्य होईल का ना ठाव नाय.' मी त्याच रात्री दोन पाने लिहून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने ती घेऊन निघालो. खिडकीत उल्हासनगरचे एक गृहस्थ पेपर उघडून बसले होते. मी काही बोललो नाही. त्या जागेचा नियम अजून कोणी लिहिलेला नाही.